ताम्हणातली सुई आणि कुलाब्याची ट्राम

(हा भाग ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी हे शब्दांकन. बोलताना दोनदा आलेली वाक्यं काढली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग शिरवळच्या घरून रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मागं हायवेचा आवाज येत राहील. पुण्याहून साताऱ्याकडं निघालात की नीरा नदीचा पूल ओलांडल्यावर जे पहिलं गाव लागतं ते आमचं. पुढं खंबाटकी घाट. बहुतेक लोक इथं चहापुरते थांबतात. मी दिवाळीला आठ दिवस थांबलो आणि त्या आठ दिवसांत घरातल्या एका सुईनं मला पार कुलाबा-अलिबागपर्यंत फिरवून आणलं.

सुरुवात भाचीच्या प्रोजेक्टनं झाली. ती सहावीत आहे. विषय होता, घरातल्या वस्तूंपासून होकायंत्र बनवणे. मी बीटेक, सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे घरात असली कामं आपोआप माझ्याकडं येतात. ‘मामा, तुला येतं ना?’ असं विचारल्यावर नाही कोण म्हणणार!

कृती सोपी आहे, तुम्हीही करून बघा. शिवणाची एक सुई घ्यायची. जुन्या बिघडलेल्या स्पीकरमागचं चुंबक घ्यायचं. फ्रीजवर चिकटवतो ती शोभेची चुंबकं शक्यतो नकोत, त्यांत उत्तर-दक्षिण ध्रुवांचे पट्टे आलटून पालटून असतात. चुंबकाची एकच बाजू सुईवरून एकाच दिशेनं फिरवायची, नाकाकडून टोकाकडं. टोकाशी आलं की चुंबक उचलायचं आणि पुन्हा नाकापासून सुरू करायचं. मागं-पुढं घासायचं नाही. तीस-चाळीस वेळा केलं की पुरे. पोलादाच्या आत चुंबकत्वाचे अगदी बारीक प्रदेश असतात आणि त्यांची तोंडं दाही दिशांना असतात. घासल्यामुळं त्यातले बरेचसे एका दिशेला वळतात. चुंबकाच्या उत्तर ध्रुवानं घासलं असेल तर जिथं चुंबक सुटतं ते टोक दक्षिण दाखवतं. स्पीकरच्या चुंबकावर ध्रुव लिहिलेले नसतात, म्हणून सकाळी सूर्याकडं बघून कुठलं टोक कुठलं ते ठरवायचं.

मग पाणी. स्टीलचं भांडं टाळा, कारण स्वस्तातलं बरंचसं स्टील चुंबकाला चिकटतं. आजीनं देवघरातलं तांब्याचं ताम्हण दिलं. त्यात पाणी, पाण्यावर थर्माकोलची चकती, चकतीवर सुई. सुई डुलली, फिरली आणि थांबली. भाची खूश.

मी मात्र चक्रावलो. ताम्हण स्वयंपाकघरातल्या ओट्यावर होतं. आमचा ओटा पूर्वेच्या भिंतीला लागून आहे. ती भिंत दक्षिणोत्तर, म्हणजे सुई भिंतीला समांतर थांबायला हवी. ती तिरकी थांबली. कोनमापक लावला तर २६ अंश.

आता या २६ अंशांमागची गोष्ट सांगतो, म्हणजे मी का चक्रावलो ते कळेल. दोन महिन्यांपूर्वी घरी एक वास्तुसल्लागार येऊन गेले होते. आईला वर्षभर चक्कर येते, बीपीच्या गोळ्या चालू आहेत. कुणीतरी सुचवलं, अण्णांनी बोलावलं. त्यांनी मोबाईल ओट्यावर ठेवला, कंपास उघडला आणि सांगितलं की स्वयंपाक करणारीचं तोंड पूर्वेला नाही, बरंच सरकलंय, ओटा तोडून फिरवून घ्या. ग्रॅनाइट, नळ, गॅसची लाइन धरून अंदाज निघाला ऐंशी हजार. हे पैसे ठिबकसाठी बाजूला काढलेले होते. पैशापेक्षा मला दुसरी गोष्ट टोचत होती. आईनं मनात घेतलं होतं की आपल्या दुखण्याचं मूळ ओट्यातच आहे, आणि गोळ्यांबाबत ती जरा ढिली पडली होती.

आणि आता आमच्या सुईनंही सल्लागारांचीच बाजू घेतली होती. अण्णा म्हणाले, ‘बघ, तुझं यंत्र पण तेच सांगतंय.’

इथं जरा थांबू आणि इतिहासात जाऊ. कारण सुई खोटं कधी बोलते, हा प्रश्न आमच्या ओट्यावर पहिल्यांदा पडलेला नाही.

पाण्यावर तरंगणारी सुई फार जुनी. चीनमधल्या शेन कुओ नावाच्या विद्वानानं १०८८ च्या सुमाराला लिहून ठेवलंय की लोहचुंबकाच्या दगडावर सुई घासली की ती दक्षिण दाखवते. ती पाण्यावर तरंगवता येते, नखावर किंवा वाटीच्या काठावर तोलता येते, पण रेशमाच्या एका धाग्याला मेणानं चिकटवून टांगणं सगळ्यात चांगलं, असा त्याचा अनुभव. त्यानं आणखी एक बारकाई टिपली. सुई अगदी दक्षिणेला थांबत नाही, किंचित पूर्वेकडं झुकते. म्हणजे सुईची उत्तर-दक्षिण आणि खरी उत्तर-दक्षिण यांत फरक असतो, हे त्याला तेव्हाच दिसलं होतं.

१२४२ मध्ये बैलक अल-किबजाकी हा अरबी लेखक सीरियाच्या किनाऱ्यावरून अलेक्झांड्रियाला गलबतानं निघाला होता. तारे दिसत नाहीत अशा रात्री खलाशांनी पाण्याचं भांडं आणलं, काडीत सुई आडवी खोचून तरंगवली आणि दिशा काढली, असं त्यानं पुढं १२८२ मध्ये लिहिलं. हिंदी महासागरातले दर्यावर्दी सुईऐवजी लोखंडाचा पोकळ मासा पाण्यात सोडतात, असंही तो सांगतो. म्हणजे भाचीचं सहावीचं प्रोजेक्ट हे जवळजवळ आठशे वर्षांपूर्वीचं खलाशांचं यंत्र. फक्त काडीच्या जागी थर्माकोल.

पुढं १६०० मध्ये इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्टनं मांडलं की सुई आकाशातल्या ध्रुवताऱ्याकडं ओढली जात नाही, पृथ्वी स्वतःच एक मोठं चुंबक आहे. मग प्रश्न आला की हे चुंबक स्थिर आहे का? ते तपासायला एकाच जागी वर्षानुवर्षं सुईकडं बघत बसणारी माणसं हवीत. अशी माणसं आपल्या मुंबईत बसली होती.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ मध्ये काढली, ती जहाजांना अचूक वेळ देण्यासाठी आणि खगोलाच्या वेधांसाठी. १८३० नंतर युरोपात जगभर चुंबकीय वेधशाळा उभारायची मोहीम निघाली आणि तिचा भाग म्हणून १८४१ पासून कुलाब्यात सुईच्या नोंदी सुरू झाल्या. काम एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनचे प्राध्यापक आर्थर ऑर्लेबार यांच्याकडं होतं. त्यांच्या हाताखाली १८४० मध्ये पन्नास रुपये पगारावर एक मुलगा लागला. वय वर्षं १५. नाव केरो लक्ष्मण छत्रे.

हेच पुढं प्रोफेसर केरूनाना छत्रे. ग्रहसाधनाची कोष्टकं मराठीत करणारे, डेक्कन कॉलेजात टिळकांना गणित शिकवणारे. पण त्याआधी दहा-एक वर्षं ते या वेधशाळेत होते. काम काय, तर यंत्र वाचायचं आणि आकडा लिहायचा. चुंबकाची पट्टी बारीक तंतूवर टांगलेली, थेट शेन कुओच्या रेशमी धाग्यासारखी. पट्टी किती वळली ते लांबून दुर्बिणीतून बघायचं. जवळ जायचं नाही, खिशात किल्ली-चाकू ठेवायचा नाही. तासातासाला नोंद, रात्रीसुद्धा. आमच्याकडं सर्व्हरचं लॉग आपोआप पडतं, तरी रात्रीच्या ऑन-कॉल ड्युटीला आम्ही कुरकुरतो. इथं माणूसच लॉग होता.

या कंटाळवाण्या कामाची किंमत १८५९ मध्ये कळली. तोवर केरूनाना वेधशाळा सोडून गेले होते, पण पद्धत तीच चालू होती. १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग बघत असताना त्याला एक पांढरा लखलखाट दिसला. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर आजवर नोंदलं गेलेलं एक सगळ्यात मोठं चुंबकीय वादळ आदळलं. युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बिघडली, ऑपरेटरांना झटके बसले. मुंबईत तेव्हा २ तारखेची सकाळ होती. एरवी तासाला एक नोंद घेणाऱ्या कुलाब्याच्या माणसांनी सुई बावचळलेली पाहिली आणि नोंदी पंधरा-पंधरा, पाच-पाच मिनिटांवर आणल्या. कुणी फोन करून सांगितलं नव्हतं. समोरचा आकडा विचित्र आहे म्हणजे जास्त वेळा बघायला हवं, एवढी समज त्यांना होती.

त्या वह्या जपल्या गेल्या. २००३ मध्ये आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या आणि परदेशातल्या शास्त्रज्ञांनी मिळून त्या पुन्हा अभ्यासल्या. आडव्या दिशेचं क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लानं कोसळलं होतं, म्हणजे मुंबईतल्या त्या क्षेत्राच्या साधारण चार टक्के. विषुववृत्ताजवळच्या भागात त्या वादळाचं इतकं पूर्ण मोजमाप दुसरीकडून क्वचितच मिळतं. असं वादळ आज आलं तर उपग्रह आणि वीजजाळ्यांचं काय होईल, याचे हिशेब करणारे लोक आजही कुलाब्याच्या या हातानं लिहिलेल्या आकड्यांकडं जातात.

आता ट्राम. मुंबईत १८७४ पासून घोड्यांची ट्राम होती. विसाव्या शतकाच्या तोंडावर ती विजेवर चालवायचं ठरू लागलं. कुलाब्याला तेव्हा प्रमुख होते नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस. १८९६ मध्ये ते तिथले पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या लक्षात आलं की विजेची ट्राम आली की सुईचा निकाल लागला. ट्रामचा प्रवाह वरच्या तारेतून येतो, रुळातून परत जातो आणि त्यातला काही जमिनीत पाझरतो. जिथं प्रवाह तिथं चुंबकत्व. मग सुई पृथ्वीचं सांगतेय की ट्रामचं, हे कळायचं कसं?

शहर तर थांबणार नव्हतं. मग सुईनं उठून जायचं ठरलं. मुंबईच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर, समुद्रापलीकडं अलिबाग निवडलं. लोखंड वर्ज्य करून इमारत बांधली. तपासून घेतलेला पोरबंदरचा दगड, आणि धातू लागेल तिथं तांबं-पितळ. १९०४ मध्ये काम सुरू झालं. पण मूस यांनी लगेच कुलाबा बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडं एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन जागांच्या आकड्यांत किती फरक पडतो ते पक्कं झालं, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला सांधता येईल. मगच कुलाब्याची सुई थांबली. मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ ला धावली. सुई तिच्या आधीच निघून गेली होती.

आम्ही जुनी सिस्टिम बंद करून नवी चालू करतो तेव्हा काही दिवस दोन्ही समांतर चालवतो आणि उत्तरं जुळवतो. मला वाटायचं ही आमच्या क्षेत्राची हुशारी. मूस यांनी ती शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी करून ठेवली होती. म्हणून १८४१ ला सुरू झालेली ही मालिका अलिबागेत आजही चालू आहे. आणि योगायोग बघा, केरूनानांचा जन्म अलिबागजवळच्या नागावचा. त्यांनी मुंबईत जी सुई वाचली, तिची पुढची पिढी त्यांच्याच गावाशेजारी येऊन बसली.

तर आता परत आमच्या ओट्यावर.

मूस यांची गोष्ट आठवली आणि मी खाली वाकून ओट्याखालचं दार उघडलं. आत गॅसचा भरलेला सिलिंडर. पोलादाचा तो एवढा मोठा गोळा, सुईपासून दीड-दोन फुटांवर. अण्णांना म्हटलं, मदत करा. दोघांनी तो अंगणात नेला. भाची ताम्हणाकडं बघत होती. तिनं ओरडून सांगितलं, ‘मामा, सुई हलली!’ २६ चे ९ झाले.

उरलेल्या ९ अंशांचं काय? कॉलममधल्या सळया, शेजारचं लोखंडी कपाट. मग आम्ही मूस यांचंच केलं, सुई हलवली. गवंडी वापरतात ती लाइनदोरी भिंतीच्या रेषेत धरून सरळ बाहेर नेली आणि दोरीशी सुईचा कोन मोजत गेलो. अंगणात, लोखंडी फाटकाजवळ, ४ अंश. फाटक ओलांडून पार शेतात, ३ अंश. आणखी पुढं गेलो तरी ३ च. आकडा बदलायचा थांबला म्हणजे तिथं घराचं लोखंड संपलं आणि पृथ्वी एकटी उरली. मोबाईलनंही दुजोरा दिला. शेतात तो क्षेत्राची ताकद ४० ते ४५ मायक्रोटेस्लामध्ये दाखवत होता, आपल्या भागात ती तेवढीच असते. सिलिंडर आत असताना ओट्यावर त्यानं ७० च्या वर दाखवली होती. मोबाईलमध्ये सुई नसते, चुंबकत्व मोजणारी चिप असते, पण लोखंडापुढं तिचीही तीच गत.

अण्णा तरी अडले. ‘तुझी सुई सारखी मत बदलते. खरी कुठली धरायची?’ प्रश्न एकदम रास्त होता.

उत्तर आपल्याच जुन्या ग्रंथांत आहे. शुल्बसूत्रांत आणि मयमत, मानसार यांसारख्या वास्तूच्या ग्रंथांत दिशा चुंबकसुईनं काढत नाहीत, शंकूनं काढतात. सपाट जागेवर काठी उभी करायची, तिच्याभोवती वर्तुळ काढायचं. सकाळी काठीची सावली लांब असते, आक्रसत येते आणि तिचं टोक वर्तुळाला शिवतं, तिथं खूण. दुपारनंतर सावली वाढते, टोक पुन्हा वर्तुळाला शिवतं, तिथं दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा तयार. सिलिंडर, सळया, ट्राम, कशाचाही सावलीवर परिणाम होत नाही.

हे आम्ही गच्चीवर केलं. अण्णांनी स्वतः ओळंबा लावून काठी उभी केली आणि खडूनं खुणाही त्यांनीच केल्या. संध्याकाळी कठड्याशी कोन मोजला. घर खऱ्या दिशेपासून ३ अंशांनी फिरलेलं निघालं, म्हणजे शेतातल्या सुईनं सांगितलं तेवढंच. हे जुळलं त्यात आपल्या भूगोलाचाही वाटा आहे. सुईची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्या भागात सध्या एका अंशाच्याही आत आहे. जगात काही ठिकाणी तो वीस-वीस अंश असतो.

तेव्हा आईचं तोंड स्वयंपाक करताना पूर्वेलाच होतं. घर बांधलं त्या दिवसापासून.

मला इथं श्रद्धेची टर उडवायची नाही. दिशेनं तब्येत सुधारते किंवा बिघडते असं मी स्वतः मानत नाही, आणि आईला तसं सांगितलंही. पण तिला पटलं ते माझं मत नव्हे, अण्णांच्या खडूच्या खुणा. ती एवढंच म्हणाली, ‘म्हंजे माझा ओटा बरोबरच हाय.’ दुसऱ्या दिवशी तिनं बीपीची गोळी न सांगता घेतली. ओटा तुटला नाही. ठिबकचे पैसे ठिबकला गेले.

जाता जाता एक. सुईला दिशा लक्षात राहते तशी दगडालाही राहते. खंबाटकीतला जो काळा कातळ आपण गाडीतून बघतो, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. लाव्हा थंड होताना त्यातल्या लोहखनिजाच्या कणांवर त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा कोरली जाते. १९५६ मध्ये क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या या दगडांची चुंबकीय दिशा मोजून प्रसिद्ध केली. त्या मापांवरून दिसलं की हे दगड थिजले तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. महाबळेश्वरच्या परिसरात तर खालच्या थरांत चुंबकत्व उलटं आणि वरच्या थरांत आजच्यासारखं सुलटं सापडतं. लाव्हाचे थर साठत होते त्या काळातच पृथ्वीच्या चुंबकाचे ध्रुव अदलाबदल झाले होते. म्हणजे ‘उत्तर’ सुद्धा कायमची नसते.

भाचीच्या वहीत आम्ही होकायंत्राच्या चित्राखाली पाच ओळींचा तक्ता केला. जागा, जवळ लोखंड काय होतं, कोन किती. बाईंनी शेरा दिला, ‘चित्र छान, तक्ता कशासाठी?’ भाचीनं मला विचारलं, काय सांगू? मी म्हटलं, सांग की सुई कुठं ठेवली होती ते लिहिल्याशिवाय ती काय म्हणाली याला अर्थ नसतो.

तुम्हीही करून बघा. ओट्यावर, कपाटाशेजारी, गच्चीत आणि मोकळ्या रानात. चार आकडे लिहून मला पाठवा, कुणाच्या घरात सगळ्यात जास्त फरक पडतो ते पुढच्या भागात सांगतो. तोवर, शिरवळहून नमस्कार.